गणितात मागे पडलेल्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी जादा वर्ग: सुरू कसा करायचा, चालवायचा कसा

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून गणिताचा जादा वर्ग घेतो. आसपासच्या गावांतून कुणी ना कुणी विचारत असतं, "ताई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते आहे. तुम्ही शिक्षक असा, कॉलेजात शिकत असा किंवा नोकरीतून निवृत्त झालेले असा, आठवड्यातले तीन-चार संध्याकाळचे तास देता येत असतील तर हे काम तुम्हाला जमण्यासारखं आहे. गणितातली पदवी लागत नाही. मुलाचं ऐकून घ्यायची सवय मात्र लागते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जादा वर्ग म्हणजे शाळेत झालेला तास संध्याकाळी पुन्हा घेणं नव्हे. सातवीतल्या मुलाला समीकरण येत नाही तेव्हा अडचण बहुतेक वेळा समीकरणात नसते. ती तिसरी-चौथीतल्या हातच्यात, भागाकारात नाहीतर अपूर्णांकात असते. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्यात मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. २०२४ च्या अहवालातही ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना हा भागाकार जमला होता. हा चौथीच्या आसपासचा भाग आहे. म्हणजे जिथं गाडी थांबली तिथंच जायचं आणि तिथून निघायचं.

१. आधी शाळेत जा, मग मुलांकडे

देवळात, समाजमंदिरात किंवा स्वतःच्या ओसरीवर वर्ग भरवता येतो. पण शाळेला सोबत घेतलंत तर जागा, फळा आणि पालकांचा विश्वास तिन्ही मिळतं. मुख्याध्यापकांना भेटा आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायला सांगा. सरकारी शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीचा ठराव झाला की पुढे केंद्रप्रमुखांनी विचारलं, मुख्याध्यापक बदलून गेले, तरी वर्गाला आधार राहतो.

गणिताच्या शिक्षकांना स्वतंत्र भेटा. "तुमच्याकडे शिकवलं जात नाही म्हणून आम्ही आलो" असा सूर चुकूनही लागू देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाची पातळी पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचंच कर्तव्य आहे. पण एका वर्गात पन्नास मुलं आणि वर ऑनलाइन माहिती भरायचं काम, यातून त्यांना वेळ काढणं किती कठीण जातं ते शाळेत जाऊन बसलं की कळतं. तुम्ही हात द्यायला आलात हे त्यांना जाणवलं पाहिजे.

तुम्ही स्वतः शाळेत शिक्षक असाल तर त्याच कायद्याचं कलम २८ वाचून ठेवा. शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. जादा वर्ग विनामूल्य आणि शाळेच्या नोंदीत असू द्या. 'खडू-कागदाचे' म्हणून दहा-वीस रुपयेही गोळा करू नका, त्यातून विनाकारण बोलणी होतात.

२. कागदपत्रं आणि साहित्य

कागदपत्रांची फाईल पहिल्याच आठवड्यात करा:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज (वार, वेळ, जागा आणि शिकवणाऱ्यांची नावं लिहून)
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या आधार कार्डाची आणि शैक्षणिक पात्रतेची प्रत
- पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- प्रत्येक मुलाच्या पालकांचं सहीचं संमतिपत्र, त्यात मूल घरी कसं आणि कुणाबरोबर जाणार हे लिहिलेलं
- हजेरी वही आणि प्रत्येक मुलासाठी एक पान असलेली नोंदवही

चारित्र्य पडताळणी कुणी मागितली नाही तरी करून घ्या. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं आणि एकट्या मुलाला थांबवून घेऊ नये. हा नियम स्वतःसाठीही तितकाच काटेकोर पाळा. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइनचा) क्रमांक फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

साहित्यासाठी खर्च फारसा नाही. आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड, चिंचोके, खेळण्यातल्या शंभर-दहा-एकच्या नोटा, जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या पट्ट्या, शिंप्याचा टेप, चौकटीच्या वह्या, पाट्या. दहा-दहाला रंग बदलणारी शंभर मण्यांची गणितमाळ बऱ्याच शाळांत आधीच असते. कपाटात बंद असेल तर मागून घ्या. पाठ्यपुस्तकांसाठी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ विनामूल्य उतरवता येतात. सहावी ते आठवीची तर घ्याच, पण तिसरी, चौथी आणि पाचवीचीही घ्या. काम त्यांचंच जास्त पडतं.

३. प्रत्येक मुलाशी एकेकट्यानं बसा

ही पायरी टाळून कुणी थेट शिकवायला लागतं तेव्हा वर्ग दोन महिन्यांत विरतो. लेखी चाचणी घेऊन गुण मांडले की काम झालं असं वाटतं, पण तीस पैकी आठ गुणांवरून काहीही समजत नाही. मुलाला समोर बसवा, सोबत दुसऱ्या ताई किंवा दादा असू द्या, आणि ही सहा उदाहरणं एकेक करून द्या:

- ५०३ − २७८
- ६१२ ÷ ६
- १/२ + १/३
- ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती
- −७ + ३
- एक छोटं शाब्दिक उदाहरण, मोठ्यानं वाचून

उत्तर चुकलं तरी तोंडातून "चूक" असं काढायचं नाही. एवढंच विचारायचं, "हे कसं केलंस, मला सांग बरं." आणि मग गप्प बसायचं. मूल जे सांगतं त्यात तुमचा पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम असतो.

५०३ − २७८ चं उत्तर एखादी मुलगी ३७५ लिहिते. विचारलं की सांगते, "आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन." तिला वजाबाकी येत नाही असं नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असा नियम तिनं मनाशी बांधलाय आणि तो ती चोख पाळतेय. ६१२ ÷ ६ ला बरीच मुलं १२ म्हणतात, मधलं शून्य गळतं. अपूर्णांकांच्या बेरजेला २/५ हे उत्तर इतक्या वेळा येतं की ते धरूनच चाला. वर वरची बेरीज, खाली खालची. ०.३५ मोठी, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. −७ + ३ ला −१०. या सगळ्या उत्तरांमागे विचार आहे, फक्त तो एका वळणावर चुकलाय. ते वळण नोंदवहीत मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा.

दोन गोष्टी इथंच तपासा. पहिली, संख्या ऐकून लिहिता येते का. 'त्रेसष्ट' सांगितल्यावर ३६ आणि 'एकोणसाठ' सांगितल्यावर ६९ लिहिणारी मुलं सातवीतही भेटतात. मराठीत एककाचा उच्चार आधी होतो, आणि 'एकोण' म्हणजे एक कमी हे मुलांच्या लक्षात येत नाही, म्हणून हा गोंधळ होतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला, पण ज्या अडचणीसाठी ती आणली ती अडचण खरीच आहे. दुसरी, वरच्या वर्गात पुस्तकातले अंक इंग्रजी होतात आणि काही मुलं मराठी १ ला इंग्रजी नऊ वाचतात, मराठी ५ आणि इंग्रजी चार यांत अडखळतात. हे एका आठवड्यात सुटतं, पण कुणी पाहिलंच नाही तर वर्षानुवर्षं तसंच राहतं.

शाब्दिक उदाहरण मुलाला वाचताच आलं नाही तर तिथं गणिताचा प्रश्नच नाही. त्याच्यासाठी रोजची दहा मिनिटं वाचनाची ठेवा आणि मराठीच्या शिक्षकांना सांगा.

४. गट इयत्तेनं नको, पातळीनं पाडा

सहावीतली आणि आठवीतली दोन मुलं हातच्याच्या वजाबाकीतच अडली असतील तर ती एकाच गटात. साधारण तीन गट पडतात: संख्या आणि बेरीज-वजाबाकीवाला, गुणाकार-भागाकारवाला आणि अपूर्णांकाच्या पुढचा. एका माणसामागे दहा-बारा मुलं, पंधराच्या वर नकोच. गटांना नद्यांची किंवा किल्ल्यांची नावं द्या. 'कच्चा गट', 'ढ मुलं' हे शब्द वर्गात आणि शाळेच्या व्हरांड्यातही उच्चारायचे नाहीत. आठवीतल्या मुलाला सहावीतल्यांबरोबर बसायची लाज वाटते आणि ती खरी असते. त्याच्याकडे साहित्य वाटपाचं किंवा नोंदी लिहिण्याचं काम द्या, हळूहळू सैलावतो. दर सहा आठवड्यांनी गट बदला, म्हणजे कुणी एका जागी चिकटून राहत नाही.

५. वेळ ठरवताना गावाचं वर्ष बघा

जून-जुलैत सुरू करा. जानेवारीत सुरू केलेला वर्ग परीक्षेच्या तयारीचा होऊन बसतो आणि पायाभूत काम राहून जातं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मोठी मुलं शेतावर असतात, हजेरी निम्म्यावर येते. तेव्हा नवा भाग घेऊ नका, उजळणी आणि खेळ ठेवा.

संध्याकाळी उशिरा वर्ग ठेवलात तर सगळ्यात आधी मुली गळतात. वाडी-वस्तीवरून येणाऱ्यांची एसटी, पाणी भरायची वेळ, धाकट्या भावंडांना सांभाळणं, सगळं विचारून घ्या. आमच्याकडे शाळा भरायच्या आधीची वेळ ठेवली आणि मुलींची हजेरी सावरली. तुमच्याकडे वेगळं असेल, पण मुलींना विचारूनच ठरवा. आठवड्यातून चार दिवस, दर दिवशी एक तास पुरतो.

६. शिकवायचं काय आणि कसं

क्रम असा ठेवा: स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज-वजाबाकी, पाढे आणि गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, मग समीकरणं आणि शेकडेवारी. पहिल्या दोन गोष्टींना घाई करू नका.

वजाबाकीसाठी नोटा काढा. मुलीच्या हातात शंभराच्या पाच नोटा आणि एकची तीन नाणी द्या, आणि २७८ रुपये मागा. ती आठ सुटे शोधते, मिळत नाहीत. दहाच्या नोटा शोधते, एकही नाही. मग स्वतःच म्हणते, "शंभराची मोड लागेल." शंभराच्या एका नोटेच्या दहा दहाच्या, त्यातल्या एका दहाचे दहा सुटे. आता तिच्यापुढे चार शंभराच्या, नऊ दहाच्या आणि तेरा सुटे आहेत. २७८ देऊन २२५ उरतात. हेच तिला वहीत मांडायला सांगा: पाचाचे चार झाले, शून्याचे नऊ झाले, तिनाचे तेरा. "शून्याच्या डोक्यावर नऊ का येतो" हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही. दुकानात मोड मागणारं प्रत्येक मूल हे करू शकतं, फक्त ते आणि वहीतलं गणित एकच आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

भागाकारही याच नोटांनी. ६१२ रुपये सहा जणांत वाटा. प्रत्येकाला शंभर. दहाची एकच नोट उरली, ती सहा जणांत देता येत नाही, म्हणून दहाच्या घरात शून्य. तिची मोड करून बारा सुटे, प्रत्येकाला दोन. उत्तर १०२. शून्य का लिहायचं हे हातानं कळतं.

पाढ्यांबद्दल मतभेद आहेत, माझं मत स्पष्ट आहे: पाठ हवेतच, पण नुसते पाठ नकोत. सात चोक अठ्ठावीस येत असेल तर सात आठे म्हणजे त्याची दुप्पट, छप्पन्न, हे मुलाला सापडलं की विसरल्यावर तो वाट काढतो. दहापर्यंतचे पाढे पक्के झाले की पुरे, तिसापर्यंतचा हट्ट इथं धरू नका. घरात आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे) ऐकून यायला सांगा. अपूर्णांकाची भीती जायला त्याची फार मदत होते.

अपूर्णांकासाठी १२ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या कापा. एक पट्टी दोन समान भागांत दुमडली, अर्धी ६ सेंटिमीटर. दुसरी तीन भागांत दुमडली, एक तृतीयांश ४ सेंटिमीटर. दोन्ही तुकडे जोडून तिसऱ्या अख्ख्या पट्टीवर ठेवा. १२ पैकी १० सेंटिमीटर झाकलं गेलं, म्हणजे ५/६. आता शेजारी २/५ ठेवून पाहू म्हटलं की मुलं स्वतःच ओरडतात, "अहो ताई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी आहे!" अर्ध्यात काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं, हा प्रश्न त्यांना पडला की समच्छेद करायची गरज पटते. नियम त्यानंतर सांगा, आधी नको.

दशांशासाठी रुपये-पैशांचं उदाहरण आता चालत नाही, मुलांनी पन्नास पैशांचं नाणं हातात घेतलेलं नसतं. टेप घ्या. अर्धा मीटर म्हणजे ०.५, पन्नास सेंटिमीटर. ०.३५ मीटर म्हणजे पस्तीस. बोटानं दाखवलं की विषय संपला. ऋण संख्यांना दुकानातली उधारी उत्तम: सात रुपये उधार, तीन फेडले, चार राहिले. म्हणून −४.

वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होतो, त्यावर माझा आवडता उपाय म्हणजे कापरेकरांचा खेळ. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी शोधलेला ६१७४ हा अंक जगभरचे गणिती ओळखतात. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. एखाद्याचा आला नाही तर कुठंतरी हातचा चुकलाय, आणि तो शोधायला मूल आपणहून मागे जातं. लहान गटाला तीन अंकी संख्या द्या, तिथं ४९५ येतो. हा माणूस नाशिकजवळच्या शाळेत शिकवत होता हे जरूर सांगा.

एका तासाची विभागणी: दहा मिनिटं तोंडी गणित, पंचवीस मिनिटं साहित्य आणि बोलणं, पंधरा मिनिटं वहीत, शेवटी खेळ. गृहपाठ दोन-तीन उदाहरणांपेक्षा जास्त नको.

७. हमखास येणाऱ्या अडचणी

शाळेत पुढचा धडा सुरू झाला की पालक आणि मुलं दोघंही म्हणतात, "आम्हाला तोच शिकवा." तासातली दहा मिनिटं त्यासाठी द्या, पण सगळा तास देऊ नका. एकदा अभ्यासक्रमाच्या मागे धावायला लागलात की पायाचं काम सुटतं.

हुशार मुलाला उभं करून "बघ, याला येतं" म्हणणं बंद. फळ्यावर बोलावून अडलेल्या मुलाला तिथंच उभं ठेवणंही बंद. मोबाईलवरचे व्हिडिओ चांगले असतात, पण व्हिडिओ मुलाचं ऐकत नाही. ते घरी पाहू देत.

आठवीच्या पालकांचा लोंढा फेब्रुवारीत येतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे. अनुत्तीर्ण झालेल्याला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते, हे पालकांना शांतपणे समजावून सांगा. मुलाला घाबरवू नका. अशा मुलांसाठी वेगळा छोटा गट करा, जुन्या गटात मिसळू नका.

८. नोंद ठेवा, पालकांना दाखवा

दर सहा आठवड्यांनी तीच सहा उदाहरणं अंक बदलून द्या. नोंदवहीत जुनं उत्तर आणि नवं उत्तर शेजारी शेजारी. पालकसभेत टक्केवारी सांगू नका. आईसमोर वही उघडून दाखवा: जुलैत असं करत होती, आता असं करते. शाळेत न गेलेल्या आईलाही हे समजतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी वेळेवर येते.

काही मुलं मनापासून करतात, तरी महिनोन्महिने संख्येचा अंदाज येत नाही, अंक सतत उलटे पडतात. अशा वेळी 'आळशी' हा शिक्का मारू नका. अध्ययन अक्षमता असू शकते, आणि ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना कळवा. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. निदान तुम्ही करायचं नाही, फक्त वेळेवर पाठवायचं.

९. मूल मध्येच गावाबाहेर गेलं तर

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. निघायच्या आधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्यायला त्यांच्या पालकांना सांगा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसता येतं. त्याला तुमच्याकडून एक पान जोडा: मुलाला काय येतं, कुठं अडतं, पुढे काय घ्यायचं. पाच-सहा ओळी पुरेत. सोबत रबरबँडनं बांधलेल्या काड्यांची एक जुडी आणि एक चौकटीची वही द्या. आजी-आजोबांकडे गावातच मागे राहणारी मुलं असतील तर त्यांची नावं हजेरीत वेगळ्या रंगानं लिहा, आणि ती दोन दिवस दिसली नाहीत की घरी जाऊन या.